विश्लेषण : ढोल सर्वांसाठी सारखाच वाजतो, मग काहींनाच तो का सोसत नाही?

फाल्गुन लागला की रत्नागिरी जिल्ह्यात गावोगाव ग्रामदेवतेची पालखी बाहेर पडते. सहाणेवर ढोल-ताशा घुमतो, पालखी नाचवली जाते, मुंबईचे चाकरमानी रजा टाकून गावी येतात. त्याच गर्दीत एखादे मूल कान घट्ट दाबून मागच्या पडवीत जाऊन बसते. कोणी त्याला भित्रे म्हणते, कोणी लाडावलेले. मोठ्या माणसांतही असे अनेक जण असतात. कोणाला लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटखाली दहा मिनिटे बसवत नाही, कोणाला मासळी बाजारातून जाताना मळमळते, कोणाला सदऱ्याच्या मानेवरचे लेबल दिवसभर टोचत राहते. अशा लोकांच्या मेंदूत नेमके काय चालते, याचा शोध गेली दीड-दोन दशके मेंदूची चित्रे काढणाऱ्या यंत्रांच्या साहाय्याने सुरू आहे. त्यातून काय हाती आले, काय अजून आले नाही आणि पालक-शिक्षकांनी त्यातून काय घ्यावे, याचा हा आढावा.

संवेदनशीलता म्हणजे नेमके काय?

आवाज, प्रकाश, वास, स्पर्श, चव यांना प्रत्येक जण कमी-अधिक प्रतिसाद देतो. काहींचा प्रतिसाद मात्र इतरांपेक्षा लवकर, तीव्र आणि जास्त वेळ टिकणारा असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलेन एरन आणि आर्थर एरन यांनी १९९७ मध्ये या स्वभाववैशिष्ट्याची शास्त्रीय मांडणी केली आणि ते मोजण्यासाठी २७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. मोठ्या आवाजाने अस्वस्थ वाटते का, एका वेळी अनेक कामे अंगावर आली की गोंधळ उडतो का, इतरांच्या मनःस्थितीचा आपल्यावर परिणाम होतो का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत.

येथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. अशी संवेदनशीलता हा आजार नाही, ते उंची किंवा आवाजाच्या पट्टीसारखे माणसामाणसांत बदलणारे वैशिष्ट्य आहे. मात्र ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, अर्धशिशी, विशिष्ट आवाजांची चीड आणणारी मिसोफोनिया, कानाचे काही विकार यांतही इंद्रियांचा त्रास दिसतो. बाहेरून सारे सारखेच भासते, आतली कारणे वेगळी असतात. म्हणून ‘हा फार हळवा आहे’ एवढे म्हणून थांबणे जसे चूक, तसेच प्रत्येक हळव्या मुलावर आजाराचा शिक्का मारणेही चूक.

दोष कानाचा की मेंदूचा?

अशा बहुतेक लोकांची साधी श्रवणचाचणी सामान्य येते. त्यांना इतरांपेक्षा बारीक आवाज ऐकू येतो असे नसते. फरक पडतो तो आवाज आत गेल्यानंतर. कान, डोळे, त्वचा यांच्याकडून आलेले संदेश मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या भागातून पुढे मेंदूच्या पृष्ठभागाकडे जातात. त्यातला कोणता संदेश महत्त्वाचा, कोणता सोडून देण्यासारखा, याची छाननी या वाटेवर होत असते.

कोकणात याचे रोजचे उदाहरण आहे. रत्नागिरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की पहिली काही मिनिटे बोललेले ऐकू येत नाही. थोड्या वेळाने तोच आवाज मागे पडतो आणि घरातली माणसे त्याच पत्र्याखाली गाढ झोपतात. पाऊस कमी झालेला नसतो. ‘हा आवाज ओळखीचा आहे, धोका नाही’ असे ठरवून मेंदूने त्याची दखल घेणे कमी केलेले असते. याला सरावणे म्हणतात. अतिसंवेदनशील व्यक्तीच्या मेंदूत हे सरावणे उशिरा होते किंवा पुरेसे होत नाही. शेजाऱ्यासाठी पाऊस पार्श्वभूमीला गेलेला असतो, त्याच्यासाठी तो दर क्षणी नव्याने सुरू होत असतो.

हे मोजताही येते. डोक्यावर विद्युतअग्रे लावून अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन ‘टक्’ असे आवाज ऐकवले, तर बहुतेकांच्या मेंदूचा दुसऱ्या आवाजाला मिळणारा प्रतिसाद पहिल्यापेक्षा लहान असतो. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या पॅट्रिशिया डेव्हिस आणि विल्यम गॅव्हिन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संवेदनांचा त्रास असलेल्या मुलांमध्ये दुसऱ्या आवाजाचा प्रतिसाद तितकासा दबत नसल्याचे आढळले.

वासाची गोष्ट थोडी निराळी आहे. नाकातला संदेश थॅलॅमसचा पहिला थांबा न घेता थेट वास ओळखणाऱ्या भागाकडे आणि भावनांशी निगडित अमिग्डालाकडे पोहोचतो. मिरकरवाडा बंदरावरचा वास नाकात शिरताच, विचार करायला वेळ मिळण्याआधीच मळमळ किंवा ओढ वाटते, त्यामागे ही जवळची वाट आहे.

मेंदूच्या चित्रांत काय दिसले?

या विषयातले बहुतेक पुरावे एफएमआरआय तंत्रातून आले आहेत. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक जाते. हे यंत्र तो बदल टिपते. म्हणजे ते चेतापेशींचे काम थेट पाहत नाही, त्या कामाचा काही सेकंदांनी उमटणारा पडसाद पाहते.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६ जणांना एकापाठोपाठ निसर्गदृश्ये दाखवून त्यात बदल झाला का, असे विचारण्यात आले. काही बदल ठळक होते, काही अगदी बारीक. प्रश्नावलीत ज्यांची संवेदनशीलता जास्त आली होती, त्यांच्या मेंदूत बारीक बदल हेरताना दृश्याचा सखोल अर्थ लावणारे भाग अधिक सक्रिय झाले. अंतर्मुखता आणि चिंताळू स्वभाव यांचा प्रभाव वजा केल्यावरही हा फरक टिकला. म्हणजे ‘ही माणसे फक्त घाबरट असतात’ हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही.

बियांका असेवेडो आणि सहकाऱ्यांचा २०१४ मधील अभ्यास पुढे गेला. त्यात १८ जणांना जोडीदाराचे आणि अनोळखी व्यक्तीचे आनंदी, दुःखी व निर्विकार चेहरे दाखवले गेले. त्यांपैकी १३ जणांची वर्षभराने पुन्हा चाचणी झाली. जास्त संवेदनशील व्यक्तींमध्ये इन्सुला, सिंग्युलेट, कपाळामागचा खालचा भाग आणि कृतीची तयारी करणारा भाग जास्त उजळले. इन्सुला हा भाग शरीरातल्या जाणिवा आणि भावना यांची सांगड घालतो. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसताच ‘पोटात काहीतरी होते’ असे आपण म्हणतो, त्या अनुभवाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

याच गटाचा २०२१ मधील अभ्यास विश्रांत अवस्थेतल्या मेंदूचा होता. १५ जणांना भावनिक चित्रे दाखवून झाल्यावर स्वस्थ पडून राहायला सांगितले. संवेदनशीलता जास्त असलेल्यांमध्ये आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस आणि त्यांचा अर्थ लावण्यात सहभागी असलेला प्रिक्युनिअस यांच्यातील संपर्क अधिक घट्ट दिसला. चित्र समोरून गेले, तरी मेंदू ते मनातल्या मनात चाळत होता, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. दिवसभराच्या गर्दीनंतर रात्री अंथरुणावर सारे पुन्हा आठवत राहते, अशी तक्रार करणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल.

ऑटिझममधील त्रास वेगळा कसा?

ऑटिझमच्या निदानात संवेदनांचा त्रास अधिकृतपणे समाविष्ट झाला तो २०१३ मध्ये, अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत. त्याआधी आईवडील वर्षानुवर्षे सांगत असलेली ही गोष्ट निकषांत नव्हती.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शुलामाइट ग्रीन आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेली १९ आणि नसलेली १९ मुले-मुली यांची तुलना २०१५ मध्ये मांडली. स्कॅनरमध्ये त्यांना रहदारीचा गोंगाट ऐकवला, हातावर टोचरे लोकरी कापड घासले आणि मग दोन्ही एकदम. ज्या मुलांना घरीही असा त्रास होत असे, त्यांच्या मेंदूत संवेदनांचे भाग आणि धोक्याची सूचना देणारा अमिग्डाला जास्त सक्रिय झाला. महत्त्वाचे म्हणजे तोच अनुभव पुन्हा पुन्हा येऊनही हा प्रतिसाद हवा तसा ओसरला नाही. ऑटिझम असूनही ज्या मुलांना त्रास कमी होता, त्यांच्यात कपाळामागचा भाग अमिग्डालाला आवर घालत असल्याच्या खुणा दिसल्या.

या शेवटच्या निष्कर्षात पालकांसाठी मोलाची गोष्ट आहे. मिक्सरचा आवाज येताच मूल किंचाळते तेव्हा ते हट्ट करत नसते, त्याच्या मेंदूने धोक्याची घंटा वाजवलेली असते. रागावल्याने ती घंटा थांबत नाही. उलट, रागावणाऱ्याचा चढलेला आवाज त्यात भर घालतो.

ऑटिझम नसलेल्या, पण संवेदनांचा त्रास असलेल्या मुलांचाही अभ्यास झाला आहे. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने अशी १६ मुले आणि त्रास नसलेली २४ मुले यांच्या मेंदूतील जोडतंतूंची पाहणी केली. त्रास असलेल्या मुलांमध्ये मेंदूच्या मागच्या बाजूच्या तंतूंच्या जडणघडणीत फरक आढळला. ऐकणे, पाहणे, स्पर्श यांची माहिती वाहून नेणाऱ्या वाटा याच बाजूला आहेत.

चहाचा भुरका किंवा चावण्याचा आवाजच का छळतो?

काहींना ढोलाचे काही वाटत नाही, पण शेजारी बसलेल्याने चहाचा भुरका मारला की संताप अनावर होतो. याला मिसोफोनिया म्हणतात. न्यूकॅसल विद्यापीठातील सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा त्रास असलेल्या २० आणि नसलेल्या २२ जणांना तीन प्रकारचे आवाज ऐकवले. त्यात चावण्या-श्वासाचे, बाळाच्या रडण्यासारखे सर्वांनाच नकोसे वाटणारे आणि पावसासारखे साधे आवाज होते. फरक पडला तो फक्त पहिल्या प्रकारात. त्रास असलेल्यांचा इन्सुलाचा पुढचा भाग जोरात सक्रिय झाला, हृदयाचे ठोके वाढले, तळव्यांना घाम सुटला.

याच गटाच्या २०२१ मधील अभ्यासात ऐकण्याचा भाग आणि तोंड-ओठ हलवणारा भाग यांच्यात जास्त घट्ट संपर्क दिसला. समोरच्याच्या चावण्याचा आवाज जणू आपल्याच तोंडात घुसतो, असे रुग्ण सांगतात. त्याला यातून आधार मिळतो. म्हणून ‘लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला अशा माणसाला उपयोगी पडत नाही.

किती जण असे असतात? हे जन्मजात आहे का?

फ्रान्चेस्का लिओनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ९०६ प्रौढांच्या उत्तरांचे विश्लेषण केले. त्यात साधारण ३१ टक्के जास्त संवेदनशील, ४० टक्के मध्यम आणि २९ टक्के कमी संवेदनशील निघाले. तिन्ही गटांत तुटक रेषा नाही, एकातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा उतार आहे.

जुळ्यांवरील अभ्यासातून आनुवंशिकतेचा अंदाज मिळतो. ब्रिटनमधील २,८६८ किशोरवयीन जुळ्यांच्या अभ्यासात, माणसामाणसांतल्या संवेदनशीलतेच्या फरकापैकी सुमारे ४७ टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा असल्याचे २०२१ मध्ये मांडले गेले. उरलेला वाटा परिस्थितीचा. म्हणजे आजीला उग्र वास सहन होत नसे आणि नातीलाही होत नाही, यात नवल नाही. मात्र परिस्थितीलाही जवळपास तितकेच महत्त्व आहे.

मग स्कॅन करून निदान होईल का?

नाही. पालकांनी हे उत्तर पक्के लक्षात ठेवावे, कारण मेंदूची रंगीत चित्रे दाखवून महागडे ‘पॅकेज’ गळ्यात मारणे सोपे असते. वर दिलेले आकडे पुन्हा पाहिले तर १६, १८, १५, ३८, ४० असे आहेत. एवढ्या लहान गटांतून गटागटांतला सरासरी फरक सुचतो, एखाद्या मुलाबद्दल काही ठरवता येत नाही. ‘नेचर’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ५० हजार व्यक्तींची माहिती तपासणाऱ्या संशोधनाने दाखवले, की मेंदूची रचना व काम यांचा स्वभावाशी खात्रीचा संबंध जोडायचा तर हजारो लोकांचा अभ्यास लागतो.

दुसरी अडचण यंत्राचीच आहे. एमआरआय यंत्राचा खणखणाट शंभर डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. आत अरुंद बोगद्यात न हलता पडून राहावे लागते. ज्याला आवाज आणि बंदिस्त जागा सर्वात जास्त छळतात, तोच या चाचणीला सर्वात कमी तयार होतो. त्यामुळे सर्वाधिक त्रास असलेली मुले अशा अभ्यासांत कमीच दिसतात.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्पष्ट म्हटले होते, की ‘संवेदनाप्रक्रियेचा विकार’ हे स्वतंत्र निदान म्हणून सहसा वापरू नये आणि त्यामागे ऑटिझम, अतिचंचलता, चिंताविकार असे काही आहे का, हे आधी तपासावे. डोक्याला मार, फिट किंवा अशाच अन्य कारणासाठी डॉक्टरांनी सांगितलेला एमआरआय ही वेगळी बाब आहे.

कोकणातील मुलांबाबत काय माहिती आहे?

देशातील पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि कोकण किनाऱ्यावरचा उत्तर गोवा ही ती ठिकाणे. ऑटिझम, अतिचंचलता, बोलण्याच्या अडचणी, अपस्मार, ऐकण्या-पाहण्यातील दोष, अध्ययन अक्षमता अशा अवस्थांपैकी किमान एक अवस्था सहा वर्षांखालील ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांच्या १३.६ टक्के मुलांत आढळली. हे पाचही ठिकाणांचे एकत्रित अंदाज आहेत. चाळीस मुलांच्या वर्गात अशी चार-पाच मुले असू शकतात, असा याचा सरळ अर्थ.

या मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. विकासातील अडचण आढळल्यास जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे. पथक वर्गात येईल तेव्हा ‘आमच्या मुलाला आवाज सहन होत नाही, ठरावीक कपडेच घालतो, दोन-तीनच पदार्थ खातो’ हे पालकांनी आवर्जून सांगावे. वजन-उंचीच्या घाईत ही गोष्ट आपोआप लक्षात येत नाही.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात घाट-खाड्या ओलांडून तज्ज्ञांपर्यंत जाणे सोपे नाही. त्यात भर पडते ती संकोचाची. रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकापासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, राज्यातील चार जुन्या मनोरुग्णालयांपैकी ते एक. त्यामुळे ‘मनाच्या डॉक्टरकडे’ जाणे म्हणजे थेट तिथे भरती होणे, अशी भीती अनेक घरांत असते. प्रत्यक्षात सुरुवात बालरोगतज्ज्ञ आणि कानाची तपासणी यांपासून होते. घरबसल्या सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि मराठीतूनही बोलता येते.

ऑटिझमचे निदान झाले तर दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ लागू होतो. त्यात नोंदवलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळू शकतात. ऑटिझम मोजण्याच्या भारतीय मापनश्रेणीत ४० बाबी सहा गटांत विभागल्या आहेत, त्यातला एक गट संवेदनांचाच आहे. नुसत्या संवेदनशील स्वभावाला मात्र प्रमाणपत्र नसते आणि त्याची गरजही नसते.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

आधी नोंद ठेवावी. कोणता आवाज, वास किंवा स्पर्श, दिवसाची कोणती वेळ, झोप आणि खाणे झाले होते का, हे दोन आठवडे वहीत लिहिले तरी चित्र स्पष्ट होऊ लागते. दमलेला, भुकेला मेंदू छाननी कमी करतो. सकाळी सहन होणारा आवाज संध्याकाळी असह्य होतो तो त्यामुळेच.

अचानक येणारी गोष्ट जास्त छळते. म्हणून पूर्वकल्पना हा सर्वात स्वस्त उपाय आहे. मिक्सर लावण्याआधी सांगणे, शाळेची घंटा कधी होणार ते घड्याळात दाखवणे, पालखी घरी कधी येणार आणि किती वेळ थांबणार हे आदल्या दिवशी सांगणे, एवढ्यानेही ताण उतरतो. शिमग्यात मुलाला ढोलाजवळ ओढत नेण्यापेक्षा ओटीचे ताट तयार करणे, पाहुण्यांना पाणी देणे असे लांबचे काम द्यावे. गर्दीतून बाहेर पडायची एक खूण ठरवावी आणि कोणी मोठ्या माणसाने त्याच्यासोबत मागच्या दारी जावे. मूल सणात राहते, पण त्याच्या अंतरावरून.

शाळेत रस्त्याकडच्या खिडकीपासून किंवा कुरकुरणाऱ्या पंख्याखालून बाक हलवणे, लुकलुकणारी ट्यूब बदलणे, पावसाळ्यात ओला गणवेश बदलू देणे, ताटांच्या खणखणाटात जेवण जात नसेल तर थोडे बाजूला बसू देणे, यासाठी पैसे लागत नाहीत. नव्या कपड्याची खळ धुऊन काढणे, लेबल उसवणे हेही तसेच.

त्रास रोजच्या जगण्यात अडथळा आणत असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत घेता येते. संवेदनांचा मेळ घालण्याच्या उपचारांची पायाभरणी अमेरिकी थेरपिस्ट ए. जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात केली. या उपचारांचे पुरावे मर्यादित आहेत. त्यामुळे सुरुवातीलाच एक-दोन ठोस उद्दिष्टे ठरवावीत, उदाहरणार्थ ‘केस कापताना दहा मिनिटे बसणे’, आणि दोन-तीन महिन्यांत फरक पडला का ते तपासावे. पडला नसेल तर तसे विचारण्याचा पालकांना हक्क आहे.

कान झाकून ठेवले की झाले?

फटाके, मिरवणूक, लग्नाचा बँड अशा वेळी कानातले बोळे किंवा आवाज अडवणारे हेडफोन जरूर वापरावेत. दिवसभर मात्र नकोत. २००३ मध्ये क्रेग फॉर्म्बी आणि सहकाऱ्यांनी काही जणांना दोन आठवडे जवळपास सतत कानात बोळे घालून ठेवायला सांगितले, तर काहींना कानात मंद आवाज देणारे साधन लावले. बोळे घालणाऱ्यांना नंतर तेच आवाज आधीपेक्षा मोठे वाटू लागले, मंद आवाज ऐकणाऱ्यांना ते लहान वाटले. बाहेरून कमी संदेश आले की मेंदू जणू रेडिओचा आवाज वाढवतो. म्हणून पूर्ण शांततेच्या मागे लागण्यापेक्षा, मुलाच्या हातात नियंत्रण ठेवून हळूहळू सवय करणे बरे.

उत्सवांसाठी नियम काय आहेत?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरपर्यंतच्या शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सणांसाठी ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. डेसिबलमधील १० ची वाढ किरकोळ वाटते, पण ध्वनीची ऊर्जा तेवढ्याने दहापट होते. गावाने वाद्ये बंद करायची गरज नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचे तोंड घरांपासून वळवणे आणि वेळ पाळणे यानेही, ज्यांना सहन होत नाही त्यांची रात्र सुसह्य होते.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

त्रास आयुष्यभराचा नसून अचानक सुरू झाला असेल, तर तो स्वभाव समजू नये. डोकेदुखी व उलटीबरोबर प्रकाश नकोसा होणे, डोक्याला मार लागल्यानंतर आवाज असह्य होणे, एका कानाने एकाएकी कमी ऐकू येणे, यासाठी लगेच तपासणी हवी. एकाएकी आलेल्या बहिरेपणात उपचारांना उशीर झाला तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता कमी होते. मूल नावाने हाक मारल्यावर पाहत नसेल, वयानुसार बोलत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर ‘मोठे झाले की येईल’ म्हणून थांबू नये.

संवेदनशीलता हा तोटाच का?

लंडनमधील संशोधक मायकल प्लुएस आणि इलोना बोनिवेल यांचा २०१५ मधील अभ्यास या प्रश्नाला वेगळे उत्तर देतो. पूर्व लंडनमधील अकरा वर्षांच्या मुलींना शाळेत नैराश्य टाळण्यासाठी एक प्रशिक्षण देण्यात आले. वर्षभरानंतरही त्याचा फायदा टिकून राहिला तो जास्त संवेदनशील मुलींमध्ये. कमी संवेदनशील मुलींमध्ये फारसा फरक दिसला नाही. रागावणे, हेटाळणी, गोंगाट यांचा घाव ज्यांच्यावर खोल होतो, त्यांच्यावर चांगल्या शिक्षकाचा, शांत घराचा आणि वेळेवर मिळालेल्या मदतीचा परिणामही तितकाच खोल होतो. मेंदूची चित्रे अजून फार थोडी आणि धूसर आहेत. पण ती एक गोष्ट पुरेशी स्पष्ट सांगतात, की कानावर हात ठेवणारे मूल नाटक करत नाही. त्याच्यापर्यंत आवाज खरोखरच जास्त पोहोचतो आहे. घराने आणि शाळेने एवढे मान्य केले, तर पुढचे बरेच उपाय बिनखर्चाचे आहेत.